दुसरी फ्लॉपी

‘जुन्या फ्लॉपीतली एकही फाइल नव्यात मिसळू नये. मिसळल्यास जोडणी होणार नाही.’

हैदराबादेहून आलेल्या पुडक्यात तीन फ्लॉप्या होत्या आणि त्यांवर रबरानं अडकवलेली ही चिठ्ठी. निळी शाई, उजवीकडं झुकलेलं अक्षर, ‘एकही’खाली दोन रेघा. रेणुकाला त्या दोन रेघांचाच राग आला. “आमाले काय अक्कल नाई होय!” असं म्हणून तिनं चिठ्ठीचा पुडा केला आणि त्यात लेकीसाठी फुटाणे भरले.

हे यंदाच्या, म्हणजे चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्याआधीचं.

आदिलाबादला बसस्टँडच्या मागं लक्ष्मणरावांचा टायपिंग क्लास होता. त्याचा नुकताच कॉम्प्युटर क्लास झाला होता. म्हणजे आठ टाइपरायटर भिंतीला सरकले होते आणि मधोमध एक कॉम्प्युटर बसला होता, नव्या सुनेसारखा कपडा पांघरून. बीएस्सी झालेली रेणुका तिथं शिकवायची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात साडेतीन वर्षांची तारा, आणि सोबतीला सासू गयाबाई. दीर डोमाजी तलमडुगुला शेती बघायचा. वहिनीनं शहरात नोकरी करणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. “बालदिनापर्यंत थांबतो,” त्यानं सांगून टाकलं होतं. “पक्की नोकरी लागली तं ठीक. नाई तं गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेवा.”

तलमडुगुचं नाव निघालं की रेणुकाचा हात ताराच्या कपाळाकडं जायचा. मागच्या पावसाळ्यात तिथंच तारा तापानं फणफणली होती. नाल्याला पूर, दवाखाना पलीकडं, आणि पूर ओसरेपर्यंत दोन दिवस ही पोरीच्या छातीला कान लावून बसलेली. पुन्हा तिथं? नाही.

आणि पक्की नोकरी होती कुठं, तर आयाबाळांच्या एका दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरबाईंकडं सहाशे मुलांच्या वजनाची कार्डं, त्यांत ताराचंही, पोत्यांत भरून पडली होती. त्यांनी सांगितलं होतं, “मला कॉम्प्युटरवर असं काही करून दे, की मुलाचं नाव दाबलं की त्याच्या वजनाची रेघ दिसली पाहिजे. चढती असली तर हिरवी, पडती असली तर लाल. चौदा नोव्हेंबरला दाखव. चाललं, तर तू आमची.”

खिडक्या, बटणं, रेघा काढायची सगळी तयार सामग्री हैदराबादची एक छोटी कंपनी विकायची. तिला लायब्ररी म्हणतात. आपण आपला प्रोग्राम लिहायचा आणि ही तयार लायब्ररी त्याला जोडायची. रेणुकाकडं तिची गेल्या वर्षीची प्रत होती. पण रेघ काढायची सोय नव्या प्रतीतच होती, म्हणून नवी मागवली.

आणि मग दसरा आला.

लक्ष्मणरावांनी टाइपरायटर पुजले, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला आणि फ्लॉप्या पाटावर मांडल्या. वरून कुंकू लावून देव आतपर्यंत कसा पोचेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. कारण दुसऱ्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण त्यांनी अंगठ्यानं सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला हळद, कुंकू, वर दोन अक्षता असं यथासांग लावलं. उरलेल्या दोन वाचल्या, त्या नैवेद्य गार होत होता म्हणून.

“काका!” दुसऱ्या दिवशी रेणुका ओरडली. यंत्रातून खर्र खर्र आवाज येत होता.

“हळू बोल माय,” लक्ष्मणराव केविलवाणे झाले. “हैदराबादेले कळलं तं माझं नाक जाईल.”

तिनं काकांचं नाक वाचवलं. दुसऱ्या फ्लॉपीवर एकच मोठी फाइल होती, आणि त्याच नावाची फाइल जुन्या फ्लॉपीवरही होती. नाव एक म्हणजे माल एक. तिनं तीच उतरवून घेतली.

त्या दिवसापासून लिंकर अडून बसला.

कंपायलर नावाचा गडी तिचा प्रोग्राम वाचायचा, लायब्ररीसोबत आलेल्या यादीशी ताडून बघायचा आणि खुशाल पुढं पाठवायचा. पण लिंकर यादीवर समाधान मानत नाही. तो कोठीत जाऊन प्रत्यक्ष सामान काढतो आणि जोडतो. आणि त्याला सामान मिळेना. ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’, म्हणजे ‘हे नाव कुठंच सापडत नाही’, असल्या चौदा ओळी रोज पडद्यावर. तिनं प्रोग्राम चारदा नव्यानं लिहिला. चौदा म्हणजे चौदा. ती ताराच्या भाजीत मीठ विसरली, सासूवर खेकसली, आणि त्या लायब्ररीच्या कर्त्याला शिव्या द्यायला मात्र एक दिवस विसरली नाही.

*

दिवाळी झाली. दहा नोव्हेंबरला दुपारी भलताच पाऊस आला. फुटलेल्या कापसावर पाऊस, त्यामुळं अख्खा बाजार चिडलेला. राहीबाईच्या एसटीडी बूथमध्ये रेणुका फोनवर हैदराबादचा नंबर फिरवत होती आणि तिकडं नुसती घंटी वाजत होती.

“उचलत नाईत,” तिनं फोन आदळला. “दिवाळी करून राह्यले! लोकायच्या जिवाशी खेळाचं आणि मंग चकल्या खात बसाचं.”

“कोण व माय?” राहीबाईनं विचारलं.

“ज्यानं ती लायब्ररी केली तो! माझ्यासमोर आला ना, तं त्याचे हातच मोडते.”

मागं रांगेत एकच माणूस उभा होता. खांद्यावर पिशवी, केसांतून पाणी निथळतंय, बाहीला ओला कापूस चिकटलेला. त्यानं घसा खाकरला.

“दोन्ही की एकच?”

“काय?”

“हात. नाई म्हणजे… एक राह्यला असता तं जेवता आलं असतं.”

रेणुकानं त्याच्याकडं वळून पाहिलं. सावळा, तिच्याच वयाचा, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं. तिला वाटलं, ह्याला आधी मोडावा.

“तुमाले काय करायचं?”

“मीच तो.” त्यानं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. “अमृत. गाव इकडंच, भीमपूरकडं. दिवाळीले आलतो. आदिलाबादचा पत्ता पाह्यला म्हणून तं मराठीत चिठ्ठी लिहिलती मी… तुमाले मिळाली ना?”

कुणीही शहाणी बाई इथं लाजली असती. रेणुका अजून भडकली.

“चिठ्ठी मिळाली! चौदा चुका पण मिळाल्या! चार दिवसांनी मले प्रोग्राम दाखवाचा हाय, आणि तुमी हसून काऊन राह्यले?”

“हसत नाई.” तो खरोखरच हसायचा थांबला. “उद्या सकाळी येतो. क्लास कोठी हाय तुमचा?”

“बसस्टँडमागं. आणि उशीर करू नका.”

ती पावसात निघाली. चार पावलांवर तिच्या लक्षात आलं की छत्री बूथमध्येच राहिली. परत जायचं? त्याच्यासमोर? ती तशीच भिजत घरी गेली… आणि त्याबद्दलही त्याच्यावरच चिडली.

*

सकाळी तो तिची छत्री घेऊन आला. ती दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

मग खुर्ची ओढून बसला. चौदा ओळी वाचल्या. लायब्ररीच्या फायली उघडल्या, त्यांच्यापुढच्या तारखा पाहिल्या. एका तारखेशी त्याचं बोट थांबलं. गेल्या सालची.

“दुसरी फ्लॉपी कोठी हाय?”

“हाय ना. कपाटात.” रेणुकानं त्याच्या नजरेला नजर दिली नाही. लक्ष्मणराव एकाएकी टाइपरायटरला तेल घालायला लागले.

बोट तारखेवर, नजर पडद्यावर. तिला कळलं, ह्याला कळलं. आणि तरी हा बोलत नाही! कानशिलं तापली तिची.

“बोलत काऊन नाई?”

“बोललो तं तुमी चिडता. नाई बोललो तरी चिडता.” तो हळूच म्हणाला. “मंग म्हटलं, कसं चिडता ते बघून तरी घ्यावं.”

“कुंकू लावलं!” ती एका दमात बोलून गेली. “फ्लॉपीले. आतून. देवाच्या नावानं. आणि मी जुनी फाइल घातली तिच्या जागी. झालं समाधान? लिहा अजून एक चिठ्ठी, चार रेघा मारून!”

टेबलामागून लक्ष्मणरावांनी हात जोडले. अमृतनं त्यांच्याकडं बघितलंच नाही.

“आणि तुमाले काय झालतं हो?” तिची गाडी आता थांबणार नव्हती. “माल बदलला तं नाव बदलाले काय झालं? दोन्ही सालच्या फायलीले एकच नाव! आतमधी काय हाय ते बाहीरून कळावं कसं? तुमी चिठ्ठी लिहून हात झटकले. इथं माझी पोरगी…” तिचा आवाज चिरकला. तिला त्याचाही संताप आला. “इथं माझी पोरगी त्या नाल्यापलीकडं परत जाऊन राह्यली, तुमच्या एका नावापायी!”

त्यानं तारखेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाला,

“चूक माझी हाय.”

“काय?”

“नाव बदलाले पाहिजे होतं. तीस जणायले पाठवली मी ती. कोणीच सांगतलं नाई.” त्यानं मान वर केली. “तुमची गोष्ट खरी हाय.”

दोन वर्षांत तिला कितीतरी पुरुषांनी कितीतरी सांगितलं होतं. कसं बस, कुठं जाऊ नको, पोरीला कुठं वाढव. ‘तुमची गोष्ट खरी हाय’ हे ह्यातल्या एकानंही म्हटलं नव्हतं. आता पुढं भांडायचं कशावर? तिनं नाइलाजानं त्याच्यासाठी चहा मागवला.

चहा पिताना त्यानं तिकडं खिडकीबाहेर बघत सांगितलं, की चांगली प्रत हैदराबादेत एका मित्राकडं आहे. फोन लागला तर तो बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवेल. रविवारी पोचेल.

“आणि सोमवारी चौदा तारीख,” रेणुका म्हणाली.

“मी थांबतो.”

“तुमाले कोण म्हणलं थांबा?”

“कोणीच नाई,” तो म्हणाला. “तुमी तं मुळीच नाई.”

*

शनिवारी त्यांनी डॉक्टरबाईंची कार्डं एका साध्या फायलीत भरून ठेवली. रेणुका टाइप करायची, अमृत वाचायचा आणि गयाबाई सुपारी कातरत दोघांकडं बघायच्या. तारा त्याच्या मांडीवर कधी जाऊन बसली ते कळलंच नाही.

“गाव इंदरवेल्ली. वय नऊ महिने. वजन पाच किलो दोनशे.”

“पाच?” रेणुकाचा हात थांबला. “नऊ महिन्यांचं लेकरू, आणि पाच?”

“पाचच लिहिलंय.”

“आणि मागचं?”

“पाच-चारशे.”

कळा अशा काही आपटल्या तिनं, की अमृतनं कार्ड खाली ठेवलं. त्याला आता कळलं होतं, ही बाई एवढी कशावर चिडते. त्यानं ते कार्ड वेगळं काढलं. संध्याकाळपर्यंत वेगळी काढलेली तेवीस कार्डं झाली, तिनं न सांगता.

“काऊन व माय,” घरी जाताना गयाबाईंनी सुनेला विचारलं. “त्या पोराशी एवढी काऊन भांडून राह्यली?”

“मले त्याचा राग येते.”

“मले तुया सासऱ्याचा असाच राग ये,” गयाबाई म्हणाल्या. “पाच लेकरं झाली.”

“आई!”

“मी काय बोलली? आपल्यात विधवा बाईचा पाट लागते. माया बहिणीचा लागला. मी आपली गोष्ट सांगून राह्यली.”

*

रविवारी दुपारी ड्रायव्हरनं पाकीट दिलं. अमृत स्टँडवरून धावत आला. फ्लॉपी यंत्रात गेली, खर्र नाही, काही नाही, फाइल उतरली. रेणुकानं कळ दाबली. कंपायलर पास. लिंकर…

चौदा.

तीच चौदा. एकही कमी नाही.

“खोटी हाय तुमची फ्लॉपी!” ती उभी राहिली. “आता कोणाचं कुंकू सांगू? आता तं सांगा! उद्या डोमाजी गाडी जुंपून येईल तेव्हा त्याले काय दाखवू, तुमचं तोंड?”

“तारीख तं बरोबर हाय…” अमृत गोंधळला होता. तो पुन्हा पुन्हा फाइल तपासत होता. त्याचे कान लाल झाले होते. “नवीच हाय. काय खाऊन राह्यला हा लिंकर, मले तं…”

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. लक्ष्मणराव खिडकी उघडायला उठले. रेणुका टेबलाच्या कडेला डोकं टेकून बसली. अमृत तिच्या शेजारी, हातभर अंतरावर. त्यानं हात उचलला, तिच्या खांद्याजवळ आणला… आणि परत आपल्या गुडघ्यावर ठेवला. तिला तो हात न बघताही दिसला. का ठेवला परत? तिला त्याचाही राग आला.

रागारागातच तिला आठवलं.

“थांबा.” ती ताठ झाली. “फाइल नवी हाय. पण तो नवी घेतच नसंल तं?”

“म्हणजे?”

“मी जुनी प्रत अजून एका जाग्यावर ठेवली होती. जपून. कंपायलरच्या स्वतःच्या कप्प्यात. लिंकर आधी कोठी बघते?”

अमृतनं तिच्याकडं पाहिलं.

“आधी… तिथंच बघते.”

“आणि त्याले तेच नाव तिथंच सापडलं, तं तो तुमच्या दारात कायले येईल?”

“नाई येणार.” तो हळूहळू हसायला लागला. “एकाच नावाचे दोन, आणि पयला सापडला की त्याले दुसऱ्याची गरजच नाई. बाई, हे मले सुचलं नाई! मी केलेली चीज, आणि मले सुचलं नाई!”

“कसं सुचंल? तुमी चिठ्ठ्या लिहिता.”

लाइट यायला तास लागला. त्या तासात तारा मध्येच येऊन दोघांना एकेक फुटाणा देऊन गेली, तेवढंच.

लाइट आली तशी रेणुकानं जुनी फाइल शोधली, कप्प्यातून काढून टाकली आणि कळ दाबली. लिंकर थांबला. ओळी यायच्या तिथं एकच ओळ आली. चुका: शून्य.

पडद्यावर खिडकी उघडली. करडी, चौकोनी, कोपऱ्यात बटण. तिच्या बोटांनी आपोआप पहिलं नाव लिहिलं. तारा. रेघ डावीकडून निघाली, त्या पुराच्या महिन्यात खाली लाल झाली, आणि मग वळली… हिरवी, वर, वर, थेट आजपर्यंत.

रेणुका रडली. खूप रागानं रडली.

“आता काय झालं?” अमृत घाबरला.

“तुमच्यावर इतकी चिडली मी, इतकी… की दुसरं काही सुचतच नाई मले. चार दिवस झाले! जेवताना चिडते, झोपताना चिडते. हे काय चाल्लं?”

“मंग…” तो खुर्चीतून अर्धा उठला. “मी जाऊ?”

“जाऊन तं पाहा!”

टाइपरायटरमागं लक्ष्मणरावांनी तेलाची बाटली सांडली. अमृतनं ह्या वेळी हात अर्ध्यात थांबवला नाही. तिच्या मनगटावर ठेवला, हलकेच.

“मले आयुष्यभर चिडून दाखवशील?”

“पायजे तं लिहून देते,” ती नाक पुसत म्हणाली.

*

सोमवारी डॉक्टरबाईंनी सहा नावं दाबली. सहावं त्या इंदरवेल्लीच्या बाळाचं. लाल रेघ पाहून त्यांनी तिथल्या तिथं जीप काढायला सांगितली आणि रेणुकाला म्हणाल्या, “उद्यापासून ये.” डोमाजी गाडी घेऊन आला होता. तो रिकामी गाडी घेऊन गेला, आणि जाताना गयाबाईंनी त्याला पाटाच्या तिथीबद्दलही विचारून घेतलं. तो हो म्हणाला नाही. नाही म्हणायचीही त्याची छाती झाली नाही.

अमृत हैदराबादेला परतला. कंपनीला सांगायचं, खोली सोडायची, महिन्याभरात यायचं ठरलं. तोवर दर गुरुवारी पत्र. पहिल्या गुरुवारी पत्र आलं. दुसऱ्याही गुरुवारी आलं. त्यात शेवटी बारीक अक्षरात होतं, ‘अंग जरा कसकसतंय, काळजी नसावी.’

काळजी नसावी म्हणे! अशी ओळ लिहून कुणाची काळजी कधी गेली आहे?

तिसऱ्या गुरुवारी पत्र नाही. शुक्रवारी नाही. राहीबाईच्या बूथवरून फोन लागत नाही. रेणुका दवाखान्यात सहाशे मुलांच्या रेघा बघते, एकही नजरेतून सुटू देत नाही, आणि ह्या एका माणसाची रेघ तिला दिसत नाही. पोरीला जवळ घेऊन दाराकडं बघत बसते.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी हैदराबादेत नल्लाकुंट्याच्या बाजूला राहत असाल, तर तिथं पिठाच्या गिरणीवर त्याची खोली आहे, जिना बाहेरून आहे. जरा वर जाऊन या. दार वाजवा. उघडायला उशीर लागला तर परत फिरू नका, पुन्हा वाजवा. त्याच्या कपाळाला हात लावून बघा, ताप असेल तर एकट्याला ठेवू नका, दवाखान्यात न्या, आणि आदिलाबादला राहीबाईच्या बूथवर निरोप ठेवा.

आणि तो धडधाकट असेल, नुसता आळसानं पत्र टाकलं नसेल, तर मात्र त्याला सांगा, ती फार चिडली आहे.

एवढंच सांगा. पुढचं त्याला कळतं.